दोन थरांच्या मधे: मुंबईत इंजिनिअरिंग जिऑलॉजी शिकू पाहणाऱ्यांसाठी

बारावीचे आणि बी.एस्सी.चे निकाल लागले की ओळखीच्या घरांतून फोन यायला लागतात. "ताई, जिऑलॉजी घेतली तर पुढे काय? मुंबईत राहून त्यात काही करता येतं का?" विचारणाऱ्याची काळजी मला समजते. भूशास्त्र म्हटलं की डोळ्यांपुढे कोळशाच्या खाणी येतात, तेलविहिरी येतात, हिमालय येतो. मुंबईत तर नजर जाईल तिकडे काँक्रीट. मी बोअरहोल, इमारतींचे पाये, बोगदे आणि डोंगरउतार यांवर काम करते आणि माझं बहुतेक काम याच शहरात झालं आहे. त्यामुळे उत्तर ठामपणे देते: करता येतं, आणि हे काम शिकायला मुंबईइतकी चांगली जागा देशात मोजकीच असेल.

का, ते समजायला इथल्या जमिनीपासून सुरुवात करावी लागेल.

महाराष्ट्राचा बराचसा भाग दख्खनच्या लाव्हाने घडवला. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी भेगांमधून लाव्हा बाहेर येत राहिला, थरावर थर साचले, आणि आजही हा खडक, म्हणजे बेसाल्ट, सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला आहे. घाटमाथ्यावर हे थर जवळजवळ आडवे दिसतात. मुंबईत तसं नाही. पनवेलच्या बाजूने दक्षिणोत्तर एक मोठा वाक गेला आहे, पनवेल फ्लेक्शर, आणि आपण त्याच्या पश्चिमेला आहोत. इथले थर समुद्राच्या दिशेला कललेले आहेत. दहा-पंधरा अंशांचा कल कुठेही मोजायला मिळतो. त्यात इथला लाव्हा बऱ्याच जागी उथळ पाण्यात उतरला. गरम लाव्हा पाण्यात फुटला, राख आणि दगडांचे तुकडे एकत्र घट्ट बसले, त्याचा ब्रेशिया झाला, टफ झाला. दोन उद्रेकांमधल्या शांत काळात तळ्यांत गाळ साचला, त्याचा शेल झाला. वरळीच्या शेलमध्ये एका लहानशा बेडकाचे जीवाश्म सापडले आणि १८४७ मध्ये त्यांचं शास्त्रीय वर्णनही झालं. ज्या भागात आज टॉवर उभे आहेत तिथे एकेकाळी बेडकांचं तळं होतं, ही गोष्ट मला अजूनही थक्क करते.

थोडक्यात, पुण्याकडे काम करणाऱ्याला मैलोन्‌मैल बेसाल्टच भेटतो. मुंबईत एकाच प्लॉटवरच्या दोन बोअरमध्ये बेसाल्ट, ब्रेशिया, टफ आणि शेल असं सगळं निघू शकतं.

शहराचा आकारही यातूनच आला. कललेल्या थरांपैकी टणक थर टिकले, त्यांच्या दक्षिणोत्तर टेकड्या झाल्या: पश्चिमेला मलबार हिल-वरळीची रांग, पूर्वेला शिवडीपासून तुर्भ्याकडे जाणारी. मधले मऊ थर झिजले, तिथे समुद्र शिरला. सात बेटं म्हणतात ती हीच. १७८४ च्या सुमारास हॉर्नबी वेलार्डचा बांध पूर्ण झाला, महालक्ष्मी-वरळीमधली खिंड बंद झाली आणि भरावाचा पुढचा सगळा इतिहास सुरू झाला. आज पावसाळ्यात मधल्या सखल पट्ट्यात पाणी तुंबतं ते नुसत्या गटारांमुळे नाही. पाणी आपल्या जुन्या जागेवर परत येतं आहे.

सह्याद्रीचं तसंच. कड्यासारखा उभा घाट १८६३ मध्ये बोरघाटातून रेल्वेने ओलांडला आणि देशावरचा कापूस थेट बंदरावर उतरू लागला. त्याच कड्याच्या उंचीचा फायदा घेऊन १९१५ मध्ये खोपोलीला वीज तयार झाली आणि गिरण्यांना मिळाली. पिण्याचं पाणी विहारहून १८६० मध्ये आलं, तानसाहून १८९२ मध्ये. मुंबईचं भांडवल, कामगार, गिरणगाव यांबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं आहे; त्याच्या तळाशी असलेल्या खडकाबद्दल फार कमी. या क्षेत्रात येणाऱ्या प्रत्येकाने हा इतिहास वाचावा असं मला वाटतं, कारण आपण जे अहवाल लिहितो त्यांवर पुढच्या शंभर वर्षांची वस्ती उभी राहते.

आता कामाकडे वळते.

नवीन मुलं पहिल्यांदा साइटवर येतात तेव्हा त्यांच्या डोक्यात एक समीकरण पक्कं असतं: दगड जितका कठीण तितकी जागा चांगली. मुंबईतलं काम शिकायचं तर आधी हे समीकरण सोडा. काळाकुट्ट कॉम्पॅक्ट बेसाल्ट हातोड्याने फुटता फुटत नाही, प्रयोगशाळेत दाबून पाहिला तर भरपूर ताकद दाखवतो. पण लाव्हा थंड होताना आकसतो आणि त्याला भेगा पडतात. अंधेरीची गिल्बर्ट हिल पाहा: सुमारे ६१ मीटर उंचीचे उभे खांबच्या खांब, प्रत्येक खांब शेजारच्यापासून भेगेने सुटा. असाच बेसाल्ट जमिनीखाली असेल तर त्या भेगांतून पाणी धावतं आणि बोगद्याच्या छतातून सुटे ठोकळे खाली येतात. याउलट ब्रेशिया. दिसायला ओबडधोबड, ताकद बेसाल्टच्या तुलनेत बरीच कमी, पण सांधे, म्हणजे अशा भेगा, फार थोड्या. बोअरमधून कापून काढलेला खडकाचा दांडा, म्हणजे कोअर, सलग मीटर-मीटरभराचा निघतो. अंधेरीची महाकाली लेणी या ब्रेशियात कोरलेली आहेत. बुडबुड्यांच्या पोकळ्या भरलेला जो अमिग्डलॉइडल बेसाल्ट विहीर खणणारे मांजऱ्या म्हणून ओळखतात, तोही असाच कमी भेगांचा. बोगदा काढायला मला या दोन्ही जाती टणक बेसाल्टपेक्षा अनेकदा बऱ्या वाटल्या आहेत.

आणि खरा घात होतो तो या दोन्हींतही नाही. तो होतो दोन थरांच्या मधे. एक लाव्हा थंड होऊन त्याच्यावर दुसरा येईपर्यंत जो काळ गेला, त्यात वरचा पृष्ठभाग कुजून तांबडी माती झाली, रेड बोल. कधी हा थर वीतभर असतो, कधी काही मीटर. पाणी लागलं की तो मऊ पडतो. वर-खाली उत्तम खडक आणि मधे हा पट्टा. बोअर करताना तो पाण्याबरोबर वाहून जातो आणि कोअर ठेवायच्या बॉक्समध्ये नुसती रिकामी जागा उरते. त्या रिकाम्या जागेत काय होतं, हे सांगता येणं म्हणजे आमची विद्या.

म्हणून पहिले सहा महिने-वर्षभर कोअर बॉक्सजवळ घालवा. ऑफिसात बसून सॉफ्टवेअर शिकायला आयुष्य पडलं आहे.

बोअरचं काम कसं चालतं ते सांगते. वरचा भराव आणि सागरी चिखल, म्हणजे मरीन क्ले, केसिंगची नळी टाकून पार करतात. त्यात ठरावीक अंतरावर एसपीटी, म्हणजे जमीन किती घट्ट आहे याची ठोक्यांची चाचणी, घेतात: ६३.५ किलोचा हातोडा ७५ सेंटीमीटरवरून सोडायचा, नमुनानळी आधी १५ सेंटीमीटर बसवून घ्यायची आणि पुढचे ३० सेंटीमीटर जायला किती ठोके लागले ते मोजायचे. खाडीकाठच्या चिखलात दोन-तीन ठोक्यांतही काम होतं. मुरूम लागला की आकडा चढत जातो. शेवटी नळी पुढे जात नाही, त्याला रिफ्युजल म्हणतात. तिथून पुढे हिऱ्याच्या बिटने खडक कापत कोअर काढतात, बहुधा दीड मीटरच्या एकेका रनमध्ये. पाइल फाउंडेशन, म्हणजे खांबांचा पाया, खडकात किती खोल रुतवायचं, म्हणजे सॉकेट किती, हे या कोअरवर ठरतं. वांद्रे-कुर्ला संकुल असो की वाशीचा खाडीकाठ, चिखलावर उभ्या असलेल्या प्रत्येक मोठ्या इमारतीचा भार शेवटी खालच्या खडकालाच पेलावा लागतो.

कोअर बाहेर आला की तो बॉक्समध्ये डावीकडून उजवीकडे क्रमाने लावायचा, प्रत्येक रनच्या शेवटी खोली लिहिलेला लाकडी ठोकळा ठेवायचा. मग आरक्यूडी, म्हणजे खडक किती अखंड आहे याचा आकडा. दहा सेंटीमीटर किंवा त्याहून लांब तुकड्यांची लांबी मिळवायची आणि रनच्या लांबीने भागायची. दीड मीटरच्या रनमध्ये असे तुकडे मिळून ९० सेंटीमीटर भरले तर आरक्यूडी ६० टक्के. हिशेब चौथीतल्या मुलाला येईल. कठीण आहे ते तुकडा नैसर्गिक सांध्यावर तुटला की मशीनने तोडला, हे ओळखणं. ताजा, खरखरीत, स्वच्छ तुटलेला भाग दिसला आणि दोन्ही टोकं एकमेकांत चपखल बसली, तर तो तुकडा अखंड धरायचा. तोंडावर तांबूस डाग, मातीचा पातळ थर, हिरवट चिकट लेप किंवा पांढरे झिओलाइटचे स्फटिक असतील, तर ती जमिनीतलीच भेग. बोट फिरवा, नख लावून पाहा, पाणी टाका. हे फोटोवरून कळत नाही.

आणि हे त्याच दिवशी करा. टफ, शेल आणि काही ब्रेशियांचा कोअर ओला असताना देखणा असतो. दोन दिवस उन्हात पडला की त्याला बारीक चिरा जातात, आठवड्यात काही भागाचा चुरा होतो. मग उशिरा येणारा माणूस त्याची आरक्यूडी शून्य लिहितो आणि डिझायनर नसत्या खोलीपर्यंत पाइल नेतो. उलटही होतं: ओला कोअर पाहून उत्तम खडक लिहिला जातो, पण हाच खडक उघडा पडल्यावर सुटणार आहे हे अहवालात येतच नाही. दोन्ही निरीक्षणं लिहायची: काढताना कसा होता आणि वाळल्यावर कसा झाला.

रिगवाल्या, म्हणजे बोअरचं यंत्र चालवणाऱ्या, ऑपरेटरशी बोलत राहा. बहुतेक जण वर्षानुवर्षं मुंबईची जमीन फोडत आलेले असतात. "मॅडम, अठरा मीटरला पाणी गेलं, आणि रॉड एकदम वीतभर खाली बसला," असं कोणी सांगितलं तर ते लॉगमध्ये, म्हणजे कामाच्या नोंदीत, वेळ आणि खोलीसह उतरवा. परत येणाऱ्या पाण्याचा रंग बदलून लाल झाला, तर रेड बोल सापडला असं समजा, बॉक्समध्ये तो दिसो वा न दिसो.

बोगद्यात वेळ कमी मिळतो. कुलाबा-वांद्रे-सीप्झ मेट्रो तीनचे ३३.५ किलोमीटर काढायला १७ टीबीएम, म्हणजे बोगदा खणणारी यंत्रं, लागली, आणि मार्गावर बेसाल्ट, ब्रेशिया, टफ, शेल सगळं आलं. एक टप्पा तर मिठी नदीच्या खालून गेला. कोस्टल रोडचे मलबार हिलखालचे जुळे बोगदे 'मावळा' नावाच्या १२.१९ मीटर व्यासाच्या यंत्राने काढले. टीबीएममध्ये समोरचा खडक सहसा दिसत नाही. बाहेर पडणारा चुरा, कटरची झीज आणि यंत्राचा टॉर्क यांवरून अंदाज बांधायचा असतो. जिथे सुरुंग लावून किंवा यंत्राने टप्प्याटप्प्याने खोदतात, तिथे मात्र फेस मॅपिंग, म्हणजे समोर उघड्या पडलेल्या खडकाची नोंद, असतं. धूर जातो, मलबा उचलला जातो, सुटे दगड पाडून घेतात, आणि मग शॉटक्रीटची, म्हणजे फवारायच्या काँक्रीटची, गाडी मागे उभी असताना तुम्हाला अर्धा तास मिळाला तर पुष्कळ. तेवढ्यात सांध्यांचे संच किती, त्यांचा कल कोणत्या दिशेला, भेगांत माती आहे का, पाणी थेंबथेंब की धार, हे सगळं कागदावर यायला हवं. हातोडीने ठोकत जा. घट्ट खडक खणखणतो, सुटलेला ठोकळा बद्द वाजतो. त्यावरून आरएमआर किंवा क्यू (खडकाला गुण देण्याच्या दोन पद्धती) काढायचा आणि खडकाचा वर्ग ठरवायचा. रॉक बोल्ट किती, शॉटक्रीटची जाडी किती, लोखंडी रिब लावायची का, हे त्या वर्गावर ठरतं.

पैसेही त्यावरच ठरतात. नवीन मुलांना कॉलेजात कोणी हे सांगत नाही. खडक वाईट लिहिला तर आधार जास्त आणि बिल मोठं. चांगला लिहिला तर काम स्वस्तात आणि भराभर. त्यामुळे दबाव दोन्ही बाजूंनी येतो. एका कामावर मला कंत्राटदाराच्या माणसाने तयार भरलेला फेस लॉग सहीसाठी आणून दिला होता, खडकाचा वर्ग एका पायरीने खाली करून. मी तो परत केला आणि माझा लॉग, वेळ टाकलेल्या फोटोंसह, त्याच शिफ्टमध्ये सगळ्यांना मेल केला. भांडण झालं नाही, कारण भांडायला जागाच उरली नव्हती. मुलींनी हे विशेष लक्षात घ्यावं: बोगद्यात बाईला पाहून कुजबुजणारे लोक अजून आहेत, पण ज्या जिऑलॉजिस्टचा लॉग शिफ्ट संपायच्या आत येतो तिला कोणी हलकं घेत नाही. रात्रपाळी असते. घरच्यांशी आधीच बोलून घ्या, आणि रात्रीच्या गाडीची सोय लेखी मागून घ्या.

शिक्षणाबद्दल आता थोडक्यात. मुंबईत पदवीला जिऑलॉजी शिकवणारी कॉलेजं मोजकी आहेत. सेंट झेविअर्सचा विभाग जुना आणि चांगला. पुण्यात फर्ग्युसन आणि विद्यापीठाचा विभाग आहे. पदवीनंतर जॅम ही प्रवेश परीक्षा देऊन आयआयटी मुंबईच्या पृथ्वीविज्ञान विभागात अप्लाइड जिऑलॉजीच्या एम.एस्सी.ला प्रवेश मिळतो. सरकारी नोकरी हवी असेल तर यूपीएससीची कंबाइन्ड जिओ-सायंटिस्ट परीक्षा. त्यातून जिऑलॉजिकल सर्व्हे आणि केंद्रीय भूजल मंडळात जागा भरतात. राज्यात भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा आहे. खासगीत सुरुवात बहुधा सॉइल इन्व्हेस्टिगेशनच्या कंपनीत होते. पगार सुरुवातीला मोठा नसतो आणि धूळ भरपूर असते, पण दोन-तीन वर्षांनी सल्लागार कंपन्या किंवा बोगद्यांची कामं तुम्हाला बोलावतात. सिव्हिल इंजिनिअरची भाषा शिका: भार, बेअरिंग कपॅसिटी (जमीन किती भार पेलते), सेटलमेंट (पाया किती खचतो). खडकाच्या वर्णनासाठी आयएस ११३१५ आणि वर्गीकरणासाठी आयएस १३३६५ ही मानकं स्वतः वाचा, नोट्सवरून नको. इंजिनिअरला 'मध्यम प्रमाणात अपक्षय झालेला सच्छिद्र खडक' एवढ्यावर डिझाइन करता येत नाही. त्याला आकडा हवा, आणि तो आकडा कुठे लागू होत नाही तेही हवं.

भूकंपाचाही अभ्यास करा. दख्खनचं पठार स्थिर आहे असं पूर्वी मानत. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेने तो समज मोडला. धक्का मुंबईतही जाणवला, आणि धरणाचा जलाशय भूकंपाला निमित्त ठरू शकतो हे जगभर अभ्यासाचा विषय झालं. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीत तर दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. तिथे जाड दगडमातीच्या भिंतींनीच अधिक जीव घेतले. जमीन हलली हे कारण होतंच, पण घर कसं बांधलं होतं याने मृत्यूंचा आकडा ठरवला.

मुंबईत मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करणारा भाग मात्र डोंगरउतारांचा आहे, आणि नव्या मुलांनी तिकडे वळावं अशी माझी मनापासून इच्छा आहे. १२ जुलै २००० ला घाटकोपरच्या आझाद नगरात दरड कोसळून साठांहून अधिक माणसं दगावली. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. पुराच्या आठवणी सगळ्यांना आहेत, साकीनाक्याची दरड कमी लोकांना आठवते. घाटात माळीण २०१४, तळिये २०२१, इर्शाळवाडी २०२३. प्रत्येक ठिकाणची कारणं वेगळी, त्यांची सरमिसळ करू नये. शहरातल्या टेकड्यांवर मात्र एक साखळी पुन्हा पुन्हा दिसते. जुन्या दगडखाणीने किंवा घरांसाठी टेकडीचा पायथा उभा कापलेला असतो. वर कुजलेला खडक आणि माती, खाली घट्ट खडक. पाऊस वरच्या थरात मुरतो, खालच्या खडकावर अडतो, आणि दोघांच्या मधल्या सांध्यावर पाण्याचा दाब वाढत जातो. मग एका रात्री वरचा भाग सरकतो. स्वस्तात मिळणारी जागा नेमकी या उताराच्या पायथ्याशी असते, म्हणून तिथे कोण राहतं हे वेगळं सांगायला नको. भूशास्त्र आणि गरिबी यांची गाठ इतकी थेट मी दुसरीकडे पाहिलेली नाही.

अशा वस्तीत पाहणीला गेलात तर आधी वर चढा, खालून फोटो काढून परत येऊ नका. माथ्यावर अर्धचंद्राकृती भेग पडली आहे का, झाडं आणि विजेचे खांब वाकले आहेत का, शौचालयाचं आणि मोऱ्यांचं पाणी कुठे मुरतं आहे, ते पाहा. तिथल्या बायकांना विचारा: पाणी भरणं, कपडे धुणं त्यांच्याकडे असतं, त्यामुळे कोणत्या महिन्यात कोणत्या दगडाखालून झरा फुटतो हे त्यांना तारखेनिशी माहीत असतं. मग संरक्षक भिंतीकडे या. भिंत जाड आहे की पातळ याआधी तिची पाणी जाण्याची भोकं पाहा, ती वीप होल्स. अनेक ठिकाणी ती प्लास्टिक, माती, कधी सिमेंटनेही बुजलेली असतात, कारण त्यातून येणारं पाणी कोणाच्या तरी दारात पडतं. एक काठी घेऊन ती मोकळी होतात का बघा, कोणती वाहतात आणि कोणती कोरडी ते भिंतीच्या चित्रावर मांडा, आणि दारात पडणारं पाणी पन्हळीने गटारापर्यंत कसं नेता येईल तेही त्याच अहवालात लिहा. तसं नाही केलं तर पुढच्या पावसाआधी ती पुन्हा बुजवली जातील. हे काम मेच्या अखेरीपर्यंत संपलेलं असलं पाहिजे.